कॅमेऱ्याचे तीन आकडे

छायाचित्रणाची विद्या नव्याने हाती घेणाऱ्यास पहिल्या आठवड्यातच तीन आकड्यांशी गाठ घालावी लागते. भिंगातील छिद्र केवढे उघडावे याचा एक आकडा, शटर किती वेळ उघडे ठेवावे याचा दुसरा, आणि फिल्म अथवा आजच्या कॅमेऱ्यातील सेन्सर प्रकाशाला किती चटकन दाद देतो याचा तिसरा. शिकविणारे हे तिन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून देतात आणि शिकणारा ते पाढ्यांसारखे घोकतो. वस्तुतः हे तीन आकडे कॅमेऱ्यात एकाच दिवशी येऊन बसलेले नाहीत. पहिला आला तेव्हा दुसऱ्याची कोणास गरजच भासत नव्हती. आणि तिसरा मोजता येतो हे कळावयास पहिल्या छायाचित्रानंतर साठांहून अधिक वर्षे जावी लागली. प्रत्येक आकडा कोणत्या अडचणीपोटी जन्मास आला हे एकदा समजले, म्हणजे तो केव्हा फिरवावयाचा हे निराळे सांगावे लागत नाही. शिवाय आणखी एक लाभ होतो. जुने छायाचित्र पाहताना त्यात कोण आहे याबरोबरच, कोण असावयास हवा होता आणि नाही, हेही डोळ्यांना दिसू लागते.

फ्रान्समधील निसेफोर निएप्स या गृहस्थाने १८२६ वा १८२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारे अंगण आणि छपरे एका कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर उतरविली. पत्र्यावर एका जातीच्या डांबराचा पातळ लेप होता आणि ऊन लागेल तेथे तो लेप घट्ट होत असे. कॅमेरा आठ तास उघडा होता असे पूर्वी म्हणत. तो काळ कित्येक दिवसांचा असावा, असे मत पुढील अभ्यासकांनी मांडले आहे. एवढ्या अवधीत सूर्य या टोकाकडून त्या टोकाला गेल्यामुळे अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेले दिसते. मनुष्याच्या डोळ्याला असे ऊन कधीही दिसत नाही. जगातील जे सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र, त्यातच कॅमेऱ्याची दृष्टी आणि माणसाची दृष्टी एक नव्हे, ही गोष्ट उघडी पडली होती.

निएप्सचा भागीदार लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडीनची वाफ आणि नंतर पाऱ्याची वाफ, अशा क्रमाने तोच काळ तासांवरून मिनिटांवर आणला. १८३८ मध्ये त्याने पॅरिसमधील बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र वरच्या मजल्यावरून घेतले. हा रस्ता नाटकगृहांचा आणि अत्यंत वर्दळीचा. चित्रात मात्र तो ओस पडलेला आहे. घरे आहेत, झाडांच्या रांगा आहेत, धुराड्यांच्या कडा सुईने कोरल्याप्रमाणे स्पष्ट आहेत. गाड्या नाहीत, घोडे नाहीत, माणसे नाहीत. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात एक मनुष्य एक पाय उंचावून उभा आहे आणि त्याचे बूट पुसणाऱ्याची अंधुक आकृती त्याच्यापुढे आहे. हे दोघे काही मिनिटे एका जागी राहिले म्हणून पत्र्यावर उमटले. बाकीचे शेकडो लोक त्याच उन्हात, त्याच भिंगासमोरून गेले. परंतु पत्र्याने त्यांची दखल घेण्यापूर्वीच ते पुढे निघून गेले होते. तारायंत्रामुळे पुढे विख्यात झालेला अमेरिकन चित्रकार सॅम्युएल मोर्स मार्च १८३९ मध्ये दागेरकडे ही चित्रे पाहावयास गेला होता. हलणारी वस्तू या चित्रांत ठसत नाही आणि गजबजलेला रस्ता त्यामुळे निर्मनुष्य दिसतो, हे त्याने लागलीच घरी पत्राने कळविले. दुसऱ्या दिवशी दागेर त्याच्याकडे परतभेटीस गेलेला असतानाच दागेरचे डायोरामा नावाचे प्रदर्शनगृह आगीत जळून गेले, ही या कथेतील एक दैवगती.

दागेरची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये सर्वांसमोर उघड करण्यात आली, आणि लोकांनी पहिली मागणी केली ती इमारतींच्या चित्रांची नव्हे, स्वतःच्या चेहऱ्याची. कडक उन्हात कित्येक मिनिटे डोळ्यांची पापणी न लववता बसावयाचे कोणी? तेव्हा उपाय दोनच होते. पत्रा अधिक चपळ करावयाचा, किंवा त्यावर अधिक प्रकाश सोडावयाचा. पत्र्याच्या बाबतीत आयोडीनखेरीज ब्रोमीन व क्लोरीन यांचा उपयोग करून काही मजल मारता आली. प्रकाशाच्या बाबतीतील मोठी झेप व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये घेतली. त्यांनी चेहऱ्याच्या चित्रासाठी एक नवे भिंग गणिताने आखले. ती आकडेमोड पुरी करण्यासाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज असे शिपाई त्यांना देण्यात आले होते, असे सांगतात. तोफांच्या गोळ्यांचे मार्ग मोजणारी बोटे काही दिवस प्रकाशकिरणांचे मार्ग मोजत बसली. भिंग घडविले फोग्टलेंडर याने, आणि त्यात दागेरच्या वेळच्या भिंगाच्या सुमारे पंधरा ते वीस पट प्रकाश आत येऊ लागला. मिनिटांची बैठक सेकंदांवर आली. पेट्झव्हाल यांस या शोधाचे फारसे द्रव्य मिळाले नाही आणि कारखानदाराशी त्यांचे जन्माचे वाकडे आले, ही गोष्ट निराळी.

येथे पहिल्या आकड्याचा उलगडा करणे प्राप्त आहे. छिद्राचा आकडा पाहून नवशिक्या बहुधा गोंधळतो, कारण एफ ४ चे छिद्र मोठे आणि एफ १६ चे छिद्र लहान असते. यात नवल काही नाही. तो छेद आहे. भिंगाच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता जो आकडा येतो तो हा. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगात सव्वासहा मिलिमीटरांचे छिद्र असेल तर तो एफ ८. १०० मिलिमीटरांच्या भिंगात साडेबारा मिलिमीटरांचे छिद्र असेल तर तोही एफ ८, आणि दोहोंतून काचेवर पडणारा उजेड सारखाच. पाव तुकड्यापेक्षा सोळावा तुकडा लहान, हे ज्या मुलास चौथीत समजले त्यास हेही समजावे. मधले आकडे, म्हणजे ४, ५.६, ८, ११, १६, वेडेवाकडे दिसतात त्याचे कारण असे की प्रकाश व्यासाने आत येत नाही, क्षेत्रफळाने येतो. क्षेत्रफळ निम्मे करावयाचे तर व्यास सुमारे १.४ ने भागावा लागतो. या मालिकेत उजवीकडे एक पायरी सरकले की प्रकाश निम्मा आणि डावीकडे एक पायरी सरकले की दुप्पट, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे.

परंतु मोठे छिद्र फुकट मिळत नाही. पेट्झव्हालच्या भिंगाने काढलेल्या चित्रांत डोळे रेखीव असतात आणि कान विरघळल्यासारखे दिसतात, कारण छिद्र जितके मोठे तितका चित्रातील स्पष्ट पट्टा उथळ. मागचे झाड आणि पुढचा दगड दोन्ही नीट हवे असतील तर छिद्र लहान करावे लागते, म्हणजे वेळ वाढवावा लागतो. १८५८ मध्ये इंग्लंडातील जॉन वॉटरहाउस याने निरनिराळ्या मापांची भोके पाडलेल्या पितळी पट्ट्यांचा संच केला. भिंगाच्या नळीस पाडलेल्या खाचेतून हवी ती पट्टी सरकवावयाची. प्रवासात नेमकी हवी असलेली पट्टी हरवत असे! डोळ्यातील बाहुलीप्रमाणे लहानमोठे होणारे पात्यांचे छिद्र सर्वत्र रूढ झाल्यावर ही पीडा टळली.

या विद्येचा प्रवेश मुंबईत फार लवकर झाला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. तिच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा भाग होता आणि ते स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. त्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांस विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे घेण्यास नेमले. बिग्ज यांनी टॅलबट यांच्या पद्धतीची कागदी निगेटिव्ह वापरली. या कागदास उन्हातही मिनिटांचा हिशेब लागे. गोलघुमटाची त्यास हरकत नव्हती. देवळे, लेणी आणि किल्ले यांची त्या काळची चित्रे विपुल आहेत आणि आठवड्याच्या बाजाराची वा जत्रेची जवळजवळ नाहीत, यामागे सरकारची आवड होती हे खरे. पण कागदाचा मंदपणाही होता.

१८५१ मध्ये इंग्लंडातील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर कलोडियनचा ओला लेप देण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याने तिचे पेटंट घेतले नाही. ती जगास वाटून टाकली आणि १८५७ मध्ये तो दारिद्र्यात वारला. या रीतीने चेहऱ्याचे चित्र काही सेकंदांत मिळू लागले. पण काच ओली आहे तोवरच ती चित्र घेते. लेप द्यावयाचा, रौप्यक्षारात बुडवावयाची, कॅमेऱ्यात घालावयाची, चित्र घ्यावयाचे आणि धावत येऊन धुवावयाची, हा सारा खटाटोप दहापंधरा मिनिटांत. लेपात ईथर असे, आणि ईथर सुमारे पस्तीस अंशांवर उकळते! दख्खनच्या वैशाखात तंबूमध्ये कोंडून घेऊन ही कामे करणाऱ्यांची काय अवस्था होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. हाताची बोटे रौप्यक्षाराने काळी पडत ती आठवडाभर तशीच राहत.

त्या दिवसांत शटर नव्हते, कारण शटराची गरज नव्हती. छायाचित्रकार भिंगावरचे टोपण काढी, मनात आकडे मोजी आणि टोपण परत लावी. कोणी घड्याळावर मोजी, कोणी स्वतःच्या श्वासावर. बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आकडा लावीत, म्हणजे डोके डुलू नये. तान्ह्या मुलाचे चित्र घ्यावयाचे असले तर आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखी बसवीत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवीत. युरोपातील अशी पुष्कळ चित्रे आज पाहावयास मिळतात: मूल स्पष्ट, आणि मागे कापडाचा एक ढीग. त्या ढिगात मुलाला धरून ठेवणारी आई आहे.

या चित्रांतील माणसे हसत का नाहीत, असे नेहमी विचारले जाते. हसू दहा सेकंद टिकविणे नटालाही कठीण. चेहरा टिकतो तो गंभीर. ही साधी गोष्ट पुढे विसरली गेली. हिंदुस्थानातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि चित्रांखालील मजकुरात लोकांच्या स्वभावाविषयी ठाम विधाने करण्यात आली. चित्रांतील त्या ताठ माना आणि स्थिर, कठोर डोळे हे पुष्कळ अंशी काचेच्या मंदपणाचे फळ होते. यंत्राने लादलेली बैठक लोकांच्या खात्यावर लिहिली गेली.

दुसरा अन्याय रंगाचा. त्या काळच्या काचा केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जाग्या होत. पिवळा आणि तांबडा प्रकाश त्यांच्या लेखी जवळजवळ अंधारच. म्हणून जुन्या चित्रात आकाश पांढरे फटक असते, निळे लुगडे फिके दिसते आणि कपाळीचे कुंकू काळे दिसते. तांबडा फेटा काळा होतो, हळद मळकट होते. गव्हाळ वर्णाच्या त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात निळ्याचा भाग थोडा आणि तांबड्या-पिवळ्याचा अधिक. तेव्हा गव्हाळ चेहरा काचेवर प्रत्यक्षाहून काळवंडलेला उतरे. बर्लिनचे रसायनज्ञ हेरमान फोगेल यांना १८७३ मध्ये असे आढळले की काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले असता ती हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागी होते. सर्व रंग सारख्या न्यायाने पाहणारी काच बाजारात यावयास विसावे शतक उजाडले. पणजीच्या चित्रातील कुंकवाचा काळा टिळा पाहून तिच्या रूपाविषयी जे घरात बोलले जाते, त्यात हा इतिहास धरावयास हवा.

आता शटराकडे वळावे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरावे असे सुचविले. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट याने असे दाखविले की तो लेप दीर्घकाळ ऊब देऊन मुरविला तर कितीतरी अधिक चपळ होतो. काचा कोरड्या झाल्या, कारखान्यात तयार होऊन पेटीतून मिळू लागल्या, आणि उन्हात सेकंदाचा लहानसा अंश त्यांना पुरू लागला. सेकंदाचा पन्नासावा भाग टोपण काढून-घालून मोजणे कोणाच्या हातून होणार? म्हणून भिंगापुढे कळीने पडणारी फळी आली, मग स्प्रिंगवर गुंडाळला जाणारा पडदा, मग पात्यांचे शटर. दुसरा आकडा असा आला. त्याच १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीकडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडीच्या पायांनी दोरे तुटत जातील तशी शटरे उघडतील अशी योजना केली. त्याच्या काचा जुन्या, ओल्याच होत्या. पांढरी धावपट्टी आणि प्रखर ऊन यांच्या जोरावर त्याने काम निभावले. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात हे सिद्ध झाले, आणि ते पाय चित्रकार दाखवीत तसे पुढेमागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात हेही दिसले. शतकानुशतके डोळ्यांना जे दिसत नव्हते ते शटराला दिसले.

सेकंदाचे भाग, म्हणजे १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, हेही एकमेकांच्या निम्मेच आहेत. १९५७ पूर्वीच्या चलनाची ज्यांना आठवण आहे त्यांना ही रचना परकी वाटू नये. रुपया, अधेली, पावली, चवली आणि आणा: प्रत्येक नाणे आधीच्याच्या निम्मे. छिद्राची एक पायरी उघडली की वेळेची एक पायरी कमी करावी; रुपयाची मोड कोणत्याही नाण्यांत घेतली तरी सोळा आणेच होणार. स्वच्छ दुपारच्या उन्हात, १०० गतीची फिल्म असेल तर एफ १६ आणि सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग, ही जुनी माहितगारांची अटकळ आजही खरी ठरते. तेवढाच प्रकाश एफ ११ आणि १/२५० यांनी मिळतो, एफ ८ आणि १/५०० यांनीही मिळतो. उजेड तोच, चित्र मात्र तेच राहत नाही. पहिल्यात पुढचे-मागचे सारे स्पष्ट राहील. शेवटच्यात धावणारे मूल हवेत थांबेल. नवशिक्याने शटराविषयी आणखी एक नियम जवळ बाळगावा. कॅमेरा हातात धरून चित्र घ्यावयाचे तर वेळेचा छेद भिंगाच्या केंद्रांतराहून लहान नसावा: ५० मिलिमीटरांच्या भिंगास निदान १/५०, २०० मिलिमीटरांच्या भिंगास निदान १/२००. याहून मंद शटर हवे असेल तर तिपाई घ्यावी.

वेळ ताणण्याचीही एक विद्या आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून चलत्चित्रांचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा भांडवल देणाऱ्याची खात्री पटविणे त्यांना भाग होते. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यापुढे त्यांनी कॅमेरा रोखून ठेवला आणि दिवसांमागून दिवस एकेक चौकट घेत गेले. पडद्यावर ते वेलाचे वाढणे घटकाभरात उलगडले. मायब्रिजने क्षण चिरला होता. फाळक्यांनी दिवस दुमडले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्या वाटाण्याच्या जोरावर १९१३ मध्ये गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात झळकला.

तिसरा आकडा जन्मास आला तो रसायनाच्या कारखान्यात. इंग्लंडातील विडनेस येथे फर्डिनांड हर्टर हे स्विस रसायनज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हे अभियंता नोकरीस होते. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. काच किती वेळ उघडी ठेवावी हे जो तो अंदाजाने सांगतो, याचा या दोघांना उबग आला. त्यांनी ठरावीक मेणबत्तीच्या उजेडात काचा क्रमाक्रमाने अधिकाधिक वेळ उघड्या ठेवल्या, धुतल्या आणि प्रत्येक पट्टा किती काळा पडला हे स्वतः बनविलेल्या उपकरणाने मोजले. १८९० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रकाश वाढत जातो तसा काळेपणा कसा वाढतो याची एक वळणदार रेघ त्यांनी कागदावर काढली. आरंभी रेघ जवळजवळ आडवी असते, मग ती सरळ चढते आणि शेवटी पुन्हा कलते. फारच थोड्या प्रकाशाला काच दाद देत नाही, आणि फार झालेल्या प्रकाशातील भेद तिला कळत नाहीत. मधल्या सरळ चढावर चित्र बसविणे एवढेच छायाचित्रकाराचे काम. ज्यांनी हे चित्रकलेचे रहस्य मानले होते त्यांना दोन कारकुनी हिशेब्यांनी ते रेघेत बसविलेले मुळीच रुचले नाही. तथापि काचांच्या गतीला पहिला भरवशाचा आकडा मिळाला तो या दोघांमुळे. अमेरिकेने आणि जर्मनीने पुढे आपापली मापे केली, आणि त्या दोहोंचा मेळ आज आयएसओ या नावाने चालतो. आकडा मोठा तितकी फिल्म चपळ. चपळ फिल्ममधील रौप्यकण मोठे असतात, म्हणून चित्र रवाळ दिसते. डिजिटल कॅमेऱ्यात आकडा वाढविल्याने सेन्सर अधिक तीक्ष्ण होत नाही. आलेला क्षीण संकेत केवळ वाढवून घेतला जातो, आणि त्याबरोबर खरखरही वाढते. अंधाऱ्या सभागृहात हा आकडा वाढवावाच लागतो. उन्हात तो वाढविणे व्यर्थ होय.

हर्टर-ड्रिफील्ड मोजमाप करीत असतानाच जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा विकावयास काढला आणि तिन्ही आकडे गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतले. किंमत पंचवीस डॉलर. आत शंभर चित्रांची गुंडाळी. छिद्र ठरलेले, वेळ ठरलेला. शंभर चित्रे झाली की कॅमेराच कारखान्यात पाठवावयाचा. या युक्तीने लक्षावधी लोकांच्या घरी छायाचित्र पोहोचले आणि त्याबद्दल ईस्टमनला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र आकडे ठरलेले म्हटल्यावर ऊनही ठरलेलेच हवे. सूर्य पाठीशी घेऊन उभे राहावे, हा या साध्या कॅमेऱ्यांच्या काळातील पहिला धडा. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी आला म्हणजे समोरच्यांच्या डोळ्यांत गेला. कुटुंबाच्या जुन्या संग्रहात सारी मंडळी डोळे किलकिले करून उभी दिसतात ती याच धड्यामुळे.

१९३२ मध्ये अमेरिकेतील वेस्टन कंपनीने सेलेनियमचा प्रकाशमापक आणला. उजेड पडला की सेलेनियमच्या चकतीत वीज निर्माण होते आणि काटा सरकतो. १९३८ मध्ये असा मापक छिद्राशी जोडलेला कॅमेराही निघाला, आणि अंदाज करण्याचे काम यंत्राकडे गेले. पण या मापकाचे एक गृहीत आहे आणि ते नवशिक्यास सहसा कोणी सांगत नाही. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे तो धरून चालतो. पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या अशी पंढरीच्या वाटेवरील दिंडी समोर असली तरी तो ती करडीच समजणार, प्रकाश कमी करणार, आणि सारी दिंडी मळकट उतरणार. तेथे एक पायरी, प्रसंगी दीड पायरी, प्रकाश वाढवून द्यावा लागतो. डोहात डुंबणाऱ्या म्हशींचे उलट आहे. त्यांनाही तो करडे करू पाहतो, आणि त्या पायात राख फासल्यासारख्या दिसू लागतात. तेथे एक पायरी कमी करावी. यंत्र मोजते ते बरोबरच मोजते; समोर दिंडी आहे की म्हशी आहेत हे त्याला ठाऊक नसते.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा जुळविला. एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. त्यानंतरची हकीकत सर्वांच्या खिशात आहे. फोनमधील भिंगाचे छिद्र बहुधा एकाच मापाचे असते, म्हणून तेथे दोनच आकडे उरतात आणि तेही फोनच ठरवितो. तरी खिडकीपाशी बसलेल्या माणसाचे चित्र घेऊन पाहावे. मापक खिडकीचा उजेड धरतो आणि चेहरा काळोखात जातो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकविले, म्हणजे पुष्कळ फोनांत शेजारी सूर्याचे एक लहानसे चिन्ह उमटते. ते वर सरकविले की शटराचा वेळ वाढतो अथवा संकेत वाढतो, चेहरा उजळतो, डोळे दिसू लागतात. खिडकीबाहेरचे झाड मात्र पांढरे होत होत चित्रातून जाते.